दोन अक्षरं आणि एक टिंब

मित्रांनो, 'माझ्याकडे पाहू नका' असं सांगणारी पाटी तुम्ही कधी पाहिली नसेल. मी तशी पाटी आहे. पत्र्याची, दीड हात लांब, चारी कोपऱ्यांना भोकं. वय झालंय माझं, पण वयाची मला लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि तीच आज सांगायला बसले आहे. जरा शेवटपर्यंत ऐका बरं. अर्धवट ऐकून उठण्यानं काय घोटाळे होतात, ते तुम्हाला पुढे कळेलच.

माझा जन्म बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा. तिथले भाऊराव अवसरमोल ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याच्या कामावर होते, अजूनही आहेत. सकाळी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की बाया घागरी काढून नळाशी बसायच्या. कोणत्या आळीला कधी पाणी जाणार, हे भाऊरावांशिवाय कोणाला कळायचं नाही. त्यांनीच एकदा पेंटरकडून मला रंगवून घेतलं आणि टाकीच्या कुंपणाला तारेनं बांधलं. पांढऱ्या पाठीवर निळ्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं होतं, 'पाणी जपून वापरा'. बारा वर्षं मी तिथं होते. मला वाचून कोणी एक तांब्या कमी सांडला असेल, असं मला तरी वाटत नाही. पोरं दगडं मारायची, बकऱ्या अंग घासायच्या. पण मित्रांनो, माझ्यावर लिहिलेलं खरं होतं. खरं अंगावर घेऊन उभं राहण्यात एक निवांतपणा असतो. तो गेल्यावरच मला त्याची किंमत कळली.

मग छापील नवा बोर्ड आला आणि मी निकामी झाले. भंगारात जाण्याआधी भाऊराव मला घरी घेऊन आले. माझा 'पाणी' लिहिलेला तुकडा कापून त्यांनी मोरीच्या दाराच्या कुजक्या बुडाला ठोकला. उरलेल्या मला दाराजवळच्या ड्रमावर झाकण म्हणून ठेवलं. आता माझ्यावर नुसतंच 'जपून वापरा' उरलं होतं. काय जपून वापरायचं, ते मोरीच्या दाराला ठाऊक.

ड्रम दाराशी असल्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. घरात माणसं तीनच. भाऊराव, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी मंजुश्री. मंजुश्री बी.ए. होऊन बुलढाण्याला कायद्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या घरात, त्यांच्या भावकीत, इतकंच काय त्यांच्या आळीत वकिलीच्या वाटेला गेलेलं पहिलं माणूस म्हणजे मंजुश्री. भाऊरावांचं काय सांगू! पाणी सोडता सोडता ते साऱ्या गावाला तिचा अभ्यास सांगायचे.

कॉलेज सकाळचं असायचं. दुपार मोकळी. तेव्हा एखाद्या वकिलाच्या ऑफिसात काम धरावं, म्हणजे पुस्तकातलं प्रत्यक्षात कसं चालतं ते कळेल, असं मंजुश्रीनं ठरवलं. महिनाभर ती दारोदार फिरली. संध्याकाळी ती माझ्याशेजारी पायरीवर बसून आईला दिवसभराचं सांगायची. एक वकील म्हणाले, "सनद आली की ये." सनद म्हणजे वकिलीचा परवाना. तो परीक्षा पास झाल्यावर मिळणार, मग आज काय सांगावं त्यांना? दुसऱ्यांनी विचारलं, "फायलींचे गठ्ठे उचलशील का?" ती 'हो' म्हणाली तर ते हसले. तिसऱ्यांकडे आधीच दोघं होते. चौथ्या ठिकाणी मात्र शंकरराव वकिलांनी तिला बसायला सांगितलं. त्यांचे जुने कारकून पंजाबराव आता थकले होते. त्यांच्या हाताखाली माणूस हवं होतं.

"काम कारकुनाचं आहे," शंकरराव तिला म्हणाले होते. "फायली लावायच्या, पेशीच्या तारखा डायरीत उतरवायच्या, नकला काढायला रांगेत उभं राहायचं. डोळे उघडे ठेवशील तर पुष्कळ शिकशील. पण वकील म्हणून मिरवायचं नाही. कबूल?"

"कबूल सर," मंजुश्री म्हणाली होती.

ती धावतच घरी आली. अन्नपूर्णाबाईंना तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेवढ्यात भाऊराव आले. चावी भिंतीला टेकवून त्यांनी विचारलं, "काय म्हनते वकील?"

आणि मित्रांनो, इथं गाडी रुळावरून घसरली. बापाचा तो चेहरा पाहून 'कारकून' हा शब्द मंजुश्रीनं गाळूनच टाकला. कारकून! साऱ्या गावाला सांगून बसलेल्या माणसाला काय सांगावं, तुमची पोरगी फायली उचलायला लागली म्हणून?

"घेतलं बाबा," ती म्हणाली. "ज्युनिअर म्हनून घेतलं."

"ज्युनिअर म्हंजे वकीलच ना वं?"

"हो... तसंच."

'तसंच' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ड्रमाकडे पाहिलं, बापाकडे नाही. अन्नपूर्णाबाई चुलीपुढे होत्या, त्यांनी मान वर केली, पण बोलल्या नाहीत. त्या दिवशी कोणी एक वाक्य जास्तीचं बोललं असतं, तर मी आजही सुखानं ड्रम झाकत असते.

दुसऱ्याच दिवशी भाऊरावांनी मला ड्रमावरून उचललं, घासलं, धुतलं आणि बुलढाण्याला हरिओम पेंटरकडे नेलं. माझ्या कोऱ्या बाजूला नवा पांढरा रंग बसला. पेंटरनं कुंचला हातात घेऊन विचारलं, "काय लिवायचं?"

"अ‍ॅडव्होकेट मंजुश्री भाऊराव अवसरमोल."

"नाव लंबं हाये. 'अ‍ॅड.' लिवतो. सनद आली काय पोरीची?"

"येऊन राह्यली," भाऊराव म्हणाले.

आमच्याकडे 'येऊन राह्यली' म्हणजे आत्ता दारात असेल किंवा दोन वर्षांनी येईल, दोन्ही चालतं. पेंटरनं पुढं विचारलं नाही. नाव निळ्या रंगात आणि त्याआधी लालभडक 'अ‍ॅड.'. दोन अक्षरं आणि एक टिंब. माझ्या अंगावर बसलेलं पहिलं खोटं.

मंजुश्री संध्याकाळी आली तेव्हा मी दारावर होते. चार नवे स्क्रू, वर झेंडूचा हार. अन्नपूर्णाबाई शेजारच्या पोरांना साखर-खोबरं वाटत होत्या, पण त्यांचा हात काही नेहमीसारखा चालत नव्हता. माझा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन आला होता. मंजुश्री अंगणातच थबकली. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता, आणि कोणाला दिसत नव्हता. पांढराफटक पडला होता.

"कशी दिसते?" भाऊरावांनी विचारलं.

"चांगली दिसते, बाबा," ती म्हणाली आणि मान खाली घालून माझ्या खालून आत गेली.

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पाटी दुसऱ्याच्याच उखाळ्यापाखाळ्या काढते. माझा डाव्या कोपऱ्यातला स्क्रू ढिला होता. मनात आणलं असतं तर वाऱ्याच्या एका झोताबरोबर मला खाली पडता आलं असतं. मी नाही पडले. कारण मला ते आवडत होतं! बारा वर्षं बकऱ्यांनी अंग घासलेली मी, आता रस्त्यानं जाणारी माणसं थांबून मला वाचत होती. म्हाताऱ्या बाया नातवाला म्हणायच्या, "वाच बरं काय लिवलं." मी उन्हात चमकायची. आज त्या चमकण्याची आठवण झाली की पत्रा वितळून जावा असं वाटतं.

लोक यायला लागले. कोणाला अर्ज लिहून हवा, कोणाला दाखल्याचं विचारायचं. मंजुश्री लिहून द्यायची, सांगायची. त्यात वावगं काही नव्हतं. मग एक दिवस मनकर्णाबाई आल्या.

मनकर्णाबाई खालच्या आळीच्या. वावरात भेंडी-वांगी लावायच्या आणि बुलढाण्याच्या बाजारात विकायच्या. एकट्याच राहायच्या. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर दिरानं कोर्टात दावा लावला होता. कोर्टाचं समन्स त्यांच्या हातात पडलं होतं. अमुक तारखेला हजर राहा, नाही राहिलात तर तुमच्या माघारी दावा चालेल, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी पदरातून तो कागद काढून मंजुश्रीच्या हातात ठेवला.

"मले काही वाचता येत नाही बाई. पोलीस पाटलानं वाचून दाखोलं. म्या म्हनलं, आपल्या गावात वकील असल्यावर बाहेर कायले जाव? तूच पाह्य आता."

'मावशी, मी अजून वकील नाही. आमच्या साहेबांकडे चला.' एवढंच म्हणायचं होतं. पण मनकर्णाबाईंनी मान वर करून माझ्याकडे हात जोडले. देवळापुढे जोडावे तसे.

"ठेवा मावशी," मंजुश्री म्हणाली. "मी पाहते."

उद्या साहेबांना देऊ, असं तिनं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण कागद दिला की साहेब विचारणार, "ही बाई तुझ्याकडे का आली?" मग माझं, पाटीचं, नाव निघणार. कबूल करून घेतलेली एकच अट मोडलेली निघणार. महिनाभर फिरून मिळालेलं काम जाणार, आणि त्याबरोबर बापाची गावातली पतही. म्हणून उद्याचं परवा झालं. कागद पुस्तकात गेला. रोज ऑफिसात ती साऱ्या जिल्ह्यातल्या पेश्या, म्हणजे सुनावणीच्या तारखा, सुवाच्य अक्षरांत डायरीत उतरवायची. तेवढी एक तारीख तिनं उतरवली नाही.

ती तारीख आली आणि निघूनही गेली. संध्याकाळी मनकर्णाबाई पिशवीभर भेंडी घेऊन दारात हजर.

"झाली काय वं पेशी? काय म्हनले साहेब? मले काही बलावलं काय?"

मंजुश्री पायरीवर बसली होती. उठलीच नाही. तिनं पिशवीला हात लावला नाही आणि एकदम रडायला लागली. अशी रडली की अन्नपूर्णाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.

"मावशी, तुमच्या नावाचा पुकारा झाला," ती म्हणाली. "शिपायानं तीनदा हाक मारली. मनकर्णाबाई हाजिर हो, मनकर्णाबाई हाजिर हो. मी तिथंच होती, दाराशी. हातात फायली होत्या माह्या. मले पुढं जाताच आलं नाही. मी वकील नाही, मावशी. कारकून हाये मी. तुमचा कागद मी कोनाले दिलाच नाही."

मनकर्णाबाईंना कळायला वेळ लागला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग हे काऊन लावलं वं?"

मित्रांनो, त्या बोटापुढे मला तोंड लपवायला जागा नव्हती. पाटीला कुठं पाठ फिरवता येते? भाऊराव आत खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते बाहेर आले नाहीत.

मनकर्णाबाई चिडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्या म्हणाल्या, "जागा गेली काय मंग माही?"

"नाही, मावशी. तुमच्या माघारी दावा चालवाचा हुकूम झाला, तरी अजून इलाज हाये. पन खरं सांगा लागन साहेबाले."

"मंग सांग ना बाई. मले काय सांगतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्रीनं पेचकस घेऊन मला काढलं. चौथा स्क्रू ढिलाच होता. बाजाराच्या पिशवीत घालून, मनकर्णाबाईंना बरोबर घेऊन ती काळी-पिवळी जीपमध्ये बसली. भाऊराव आधीच चावी घेऊन गेले होते. त्या दिवशी खालच्या आळीचं पाणी उशिरा सुटलं, असं मी नंतर ऐकलं.

शंकररावांच्या टेबलावर तिनं मला ठेवलं. समन्स माझ्यावर ठेवलं. जे झालं ते सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. शंकरराव आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, मग माझ्या 'अ‍ॅड.'वर बोट ठेवलं ते उचललंच नाही. मला वाटलं, त्या बोटाखालीच मला गंज चढेल.

पंजाबरावांचा जीव मात्र पोरीसाठी तुटत होता. त्यांनी नेहमीचा उपाय काढला. "साहेब, अर्ज देऊन टाकू. बाई आजारी होती म्हनून हजर झाली नाही. हुकूम फिरते. आपन शंभरदा केलं असन."

"मी कायले आजारी पडू?" मनकर्णाबाई उसळल्या. "त्या दिवशी मी भेंड्या तोडून राह्यली होती! साऱ्या गावानं पाह्यलं मले. माह्या दिरानं बी पाह्यलं असन, त्याचं वावर लागूनच हाये!"

पंजाबरावांनी डोक्याला हात लावला. शंकररावांच्या ओठांच्या कोपऱ्यात एवढंसं हसू आलं आणि गेलं. ते मंजुश्रीकडे वळले.

"खरं कारण लिहायचं तर तुझं नाव कोर्टाच्या कागदावर जाईल. उद्या तू सनदेला अर्ज करशील, तेव्हा कोणी हा कागद काढून पुढे ठेवला तर मी आडवा येणार नाही. आजारपण लिहिलं तर तुझं नाव येत नाही, पण बाई खोटी ठरली तर जागेवर बेतेल. अर्ज तूच टाईप करायचा आहे. काय लिहायचं ते ठरव."

मंजुश्री संगणकापुढे बसली. मला तिच्या बाजूच्या खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं. पहिली दोन वाक्यं झरझर आली, ती नेहमीचीच असतात. मग ती थांबली. पंखा फिरत होता. पंजाबरावांनी चहाचा कप तिच्याजवळ ठेवला आणि हळूच म्हणाले, "अवं, आयुष्याचा सवाल हाये. पाह्य बा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधल्यासारखं, टाईप केलं: 'प्रतिवादीने समन्स मिळताच ते गावातील कायद्याच्या विद्यार्थिनीकडे दिले. सदर विद्यार्थिनीच्या घरावर वकील असल्याची पाटी होती. ती वकील नाही. तिने समन्स दडवून ठेवले. यात प्रतिवादीची कोणतीही चूक नाही.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. या वेळी 'अ‍ॅड.' नव्हतं. त्याच मजकुरावर तिनं आपलं शपथपत्रही दिलं. माझा फोटो काढून अर्जाला जोडला.

अर्ज सुनावणीला निघाला त्या दिवशी शंकररावांनी मलाही कोर्टात नेलं. मी पिशवीतच होते, पण पिशवी विरलेली होती, त्यातून बरंच दिसत होतं. वर न्यायाधीश मॅडम बसल्या होत्या. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "पाटी आणली आहे का?"

शंकररावांनी मला बाहेर काढून उंच धरलं. भरलं कोर्ट माझ्याकडे पाहायला लागलं. कधीकाळी मला हेच हवं होतं ना, सगळ्यांनी थांबून वाचावं म्हणून? वाचा आता! कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मंजुश्री भिंतीला चिकटून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"ही कोणी लावली?" मॅडमनी विचारलं.

मंजुश्रीनं तोंड उघडलं, तोच मागच्या दारातून आवाज आला. "म्या लावली, साहेब."

भाऊराव होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, खांद्यावर चावी. शिपाई ती चावी बाहेर ठेवायला सांगत होता, ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. "पोरगी घरी नव्हती तवा लावली. तिचा काही दोष नाही. सजा द्याची तं मले द्या."

"नाही मॅडम," मंजुश्री पुढे झाली. "बाबांना मीच सांगितलं होतं. कारकून म्हणायची लाज वाटली मला, म्हणून ज्युनिअर म्हटलं. त्यांनी विचारलं, ज्युनिअर म्हणजे वकीलच ना, तर मी म्हटलं, तसंच."

कोर्टात कोणी हसलं नाही आता. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"माझ्या कोर्टात तारीख चुकलेला प्रत्येक माणूस आजारी असतो," त्या म्हणाल्या. "ही बाई एकटीच ठणठणीत निघाली." मग त्यांनी माघारी दावा चालवण्याचा हुकूम रद्द केला आणि मनकर्णाबाईंना म्हणणं मांडायला नवी तारीख दिली. मंजुश्रीला एवढंच सांगितलं, "ही पाटी आज उतरली आहे. सनद हातात येईपर्यंत ती चढता कामा नये. अर्ज कागदपत्रांत राहील." राहील म्हणजे राहीलच. तो आजही तिथं आहे, माझ्या फोटोसकट.

बाहेर व्हरांड्यात शंकरराव बुटांचा आवाज करत पुढे चालले होते. ते थांबले. "उद्या साडेदहाला ये," ते मागे न पाहता म्हणाले. "नकलेचे तीन अर्ज पडलेत. आणि काय म्हणून कामावर आहेस, ते आत्ता, इथं, वडिलांना सांग."

मंजुश्री वळली. "बाबा, मी कारकून हाये."

भाऊराव पुढे झाले. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि काळी-पिवळीत मांडीवर उपडं धरलं, नाव खाली, पाठ वर. देऊळघाट येईपर्यंत ते मला तळव्यानं दाबून बसले होते, मी उडून जाईन की काय असं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, मित्रांनो. मला खाटेमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. कोळ्यानं जाळं विणलं. बापलेक ताटाला ताट लावून जेवायचे, पण बोलायचे नाहीत. भाऊराव पाणी सोडून सरळ घरी यायचे, पारावर टेकायचे नाहीत. दारावर चार भोकं उघडी होती. येणारेजाणारे त्या भोकांकडे पाहायचे. मला वाटायचं, भंगारवाला आला तर बरं होईल.

मला बाहेर काढलं ते मंजुश्रीनं. कोर्टात कारकुनाला टेबल नसतं. व्हरांड्यात उभ्या उभ्या लिहावं लागतं, हाताखाली काहीतरी टणक हवं असतं. तिनं माझ्यावरचं जाळं पुसलं, पाठीवर कागद ठेवून पाहिले. चांगले बसले. तेव्हापासून मी तिच्याबरोबर जाते. नकलेचे अर्ज, पेशीच्या नोंदी, मनकर्णाबाईंच्या जबाबाचा कच्चा मसुदा, सगळं माझ्या पाठीवर लिहिलं गेलं. पंजाबरावांनी मला चिमटा लावून दिला. पण रस्त्यानं जाताना मंजुश्री मला छातीशी धरायची ती नाव आत करून, पाठ बाहेर. लाज दोघींनाही होती, तिला माझी आणि मला तिची.

एका रविवारी भाऊरावांनी मला मागितलं. ओट्यावर, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ते ब्लेड घेऊन बसले. थोडं रॉकेल, एक फडकं. त्यांनी 'अ‍ॅड.' खरवडून काढलं. 'ड' लवकर निघाला. टिंब निघता निघेना. पेंटरनं ते जरा जास्तच भरून दिलं होतं. तासभर लागला. नावाला मात्र त्यांनी धक्का लावला नाही. अजूनही तिरपं ऊन पडलं की ती दोन अक्षरं माझ्यावर ओरखड्यांत दिसतात. ती जायची नाहीत. दिसू देत.

ते खरवडत असतानाच रस्त्यावर एक अनोळखी गृहस्थ थांबले. वडनेर भोलजीहून कोणा पाहुण्याकडे आले होते, हातात कसलासा कागद. "वकीलबाईचं घर हेच काय?"

मंजुश्री दारात होती. माझ्यावरचं ब्लेड थांबलं.

"वकील नाही," भाऊराव म्हणाले. हळू नाही, पाणी सुटल्याची आळीला हाक द्यावी तेवढ्या आवाजात. "कारकून हाये माही पोरगी. शंकरराव वकिलाची कारकून. परीक्षा व्हायची हाये तिची. कागद वाचून तो कोनाकडं न्याचा ते सांगन, तेवढं खरं सांगन. बसा."

समोरच्या ओट्यावरच्या बाया ऐकत होत्या. ऐकू देत, असंच भाऊरावांच्या तोंडावर होतं. मंजुश्रीनं पाहुण्यांना पाणी दिलं आणि कागद वाचायला घेतला.

मित्रांनो, तुमच्याही नावाआधी काहीतरी लागावं असं कोणाला तरी फार वाटत असेल. लागेल की! पण ती जागा रिकामी आहे तोवर रिकामी राहू द्या. आणि कोणी विचारलं तर पूर्ण सांगा. 'तसंच' म्हणून सोडून देऊ नका. माझ्यासारख्या मुक्या पत्र्यावर कोणी खोटं लिहिलं तर मला ते पुसता येत नाही, तुम्हाला येतं.

पाहुणे गेल्यावर भाऊरावांनी रंगाचे कण झटकायला मला उलटं केलं. माझ्या पाठीवरची निळी अक्षरं इतक्या कागदांखाली घासून फिकी झाली होती. त्यांनी डोळे बारीक करून ती वाचली. जपून वापरा. टाकीसाठी ती त्यांनीच लिहून घेतली होती.

"मंजू," त्यांनी लेकीला हाक मारली. कितीतरी दिवसांनी. ती येऊन शेजारी बसली, तसं त्यांनी त्या अक्षरांवरून, मग मला पलटून खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"बारा वर्सं लोकाईले नुसतं पान्याचंच सांगत राह्यलो, वं," ते म्हणाले.